स्टिम्युलेशन चालू केलं की १० आणि २० हर्ट्झवर शिखरं: बीटा की आर्टिफॅक्ट?

खारं_पाणी: पार्किन्सनसाठीच्या डीबीएस लीडची (मेंदूत खोल बसवून विजेचे पल्स देणाऱ्या तारेची) टाकीत चाचणी चालू आहे. चार रिंग-कॉन्टॅक्ट (० ते ३), प्रत्येक १.५ मिमी, मधे ०.५ मिमी. पाणी ०.९ टक्के सलाईन. कॉन्टॅक्ट १ वरून १३० हर्ट्झ, ६० मायक्रोसेकंद, २ मिलीअँपिअर. करंट परत घ्यायला टाकीच्या कडेला टायटॅनियमची पट्टी. रेकॉर्डिंग ० आणि २ मधे, सॅम्पलिंग २५० हर्ट्झ. स्टिम बंद असताना स्पेक्ट्रम सपाट, चालू केलं की १० आणि २० वर टोकदार शिखरं. मिठाच्या पाण्यात बीटा (२० हर्ट्झच्या आसपासची मेंदूची लहर) कुठून येणार? १०० हर्ट्झचा डिजिटल लो-पास लावला तरी ती जात नाहीत.

नायक्विस्ट_काका: हे एलियासिंग आहे: सॅम्पलिंगच्या निम्म्याहून वरच्या फ्रिक्वेन्सी दुमडून खाली खोट्या जागी दिसतात. टोकदार पल्समधे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीही असतात. १३० ची दुप्पट २६०, त्यातून २५० वजा केले की १०. चौपट ५२०, त्यातून ५०० वजा केले की २०. पडताळायला स्टिम १३१ करा: पहिलं शिखर १२ वर जाईल, दुसरं २४ वर. खरी लहर असती तर जागची हलली नसती.

डिजिटल फिल्टर इथे निरुपयोगी, कारण सॅम्पल घेतानाच ती ऊर्जा १० आणि २० वर येऊन बसलेली असते. एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) आधी अ‍ॅनालॉग फिल्टर हवा. नुसतं सॅम्पलिंग १००० करून भागत नाही: आठवा गुणक (१३० ची आठपट) १०४० चा, तो ४० वर येतो, आणि ६० मायक्रोसेकंदांच्या पल्सची ऊर्जा दहा किलोहर्ट्झच्याही वर पसरलेली असते. स्टिम १२५ ठेवलंत तर सगळे गुणक ० किंवा १२५ वर पडतात आणि बीटा-पट्टा मोकळा राहतो. मात्र स्टिम्युलेटर आणि रेकॉर्डरचे क्रिस्टल (आतली घड्याळं) वेगळे असतील तर बेसलाइन हळूहळू डुलताना दिसेल.

ओहम_शोधक: त्याआधी पाणी बदला. ०.९ टक्के सलाईनची वाहकता मीटरला साधारण १.५ सीमेन्स, मेंदूच्या ऊतीची ०.२ ते ०.३. लिटरला दीड ग्रॅम मीठ पुरे. तेवढ्याच करंटला कॉन्टॅक्टजवळचा व्होल्टेज पाचेक पटीने वाढेल, आणि दाट सलाईनमधे पास झालेला सेटअप इथे कोलमडू शकतो. हे आत्ताच कळलेलं बरं.

१ च्या दोन्ही बाजूंना ० आणि २ घेतलेत हे उत्तम. दोघांवर सारखाच व्होल्टेज येतो आणि वजाबाकीत जातो. पण इम्पिडन्स (कॉन्टॅक्टचा विद्युत अडथळा) जुळला तरच. समजा दोघांवर ०.३ व्होल्ट आहे, एक कॉन्टॅक्ट १००० ओहम, दुसरा १४००, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट १० मेगाओहम: ४०० भागिले एक कोटी, गुणिले ०.३, म्हणजे १२ मायक्रोव्होल्ट उरले. बीटा जेमतेम एक-दोन मायक्रोव्होल्टचा असतो. टाकीत असा फरक पडला की आधी रिंगला चिकटलेला हवेचा बुडबुडा शोधा. मऊ ब्रश फिरवा, मग पुन्हा मोजा.

पहिली_स्टेज: दोघांचंही बरोबर, पण रेकॉर्डरमधली सिग्नल मोठा करणारी पहिली स्टेज क्लिप होत असेल (सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन छाटला जात असेल) तर पुढचे फिल्टर काहीच करू शकत नाहीत. ०.५ हर्ट्झच्या हाय-पासचा टाइम कॉन्स्टंट ०.३ सेकंद, पल्स दर ७.७ मिलीसेकंदांनी. एकदा सॅच्युरेट झालेला अ‍ॅम्प्लिफायर बाहेर येतच नाही. पहिल्या स्टेजचा गेन कमी ठेवा आणि तिच्याही आधी साधा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) लो-पास घाला, दोन्ही बाजूंचे आर आणि सी मोजून जुळवलेले.

इन्टॅनच्या आरएचएस२११६ सारख्या रेकॉर्डिंग चिपमधला फास्ट-सेटल (पल्सनंतर झटपट सावरायची सोय) वापरायचा मोह होईल. तो पल्सभोवती खालची कटऑफ वर उचलतो. स्पाइकसाठी (एकेका पेशीच्या क्षणिक सिग्नलसाठी) छान. एलएफपीसाठी (बीटासारख्या, पेशीसमूहांच्या मंद लहरींसाठी) मात्र दर ७.७ मिलीसेकंदांनी बेसलाइन पुसली जाते, आणि बीटाचं एक आवर्तन ५० मिलीसेकंदांचं. लहर त्यातच मरते.

खारं_पाणी: १३१ केलं, १२ आणि २४ वर सरकली. आता एक शंका: पार्किन्सनच्या रुग्णांत स्टिमच्या निम्म्यावर, म्हणजे ६५ ला, गॅमा (बीटाहून वेगवान मेंदूची लहर) दिसतो. तोही एलियासच का?

नायक्विस्ट_काका: नाही. १३० आणि २५० चा मसावि १०, म्हणून एलियास फक्त १० च्या पटीतच पडू शकतात. ६५ त्यात बसत नाही. टाकीत ६५ दिसलाच तर लागोपाठच्या पल्स एकसारख्या नाहीत. ऑसिलोस्कोपवर दोन-दोन पल्स शेजारी धरून उंची मोजा. टाकी ६५ ला स्वच्छ असेल, तरच रुग्णातला ६५ मेंदूचा मानायला जागा आहे.