मदत हवी आहे: बोलेरोच्या दाराआड बसलेला माणूस रायफलच्या गोळीतून वाचेल का?

नमस्कार मंडळी. बेळगावात आम्ही एकांकिका बसवतोय. जांबोटीच्या जंगलात लाकूडचोर रायफल चालवतात आणि फॉरेस्ट गार्ड बोलेरोचं दार उघडून त्याच्या आड बसतो. तिथूनच त्याचं आणि चोराचं बोलणं सुरू होतं, सगळा खेळ त्यावरच आहे.

तालमीला मामा आले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. थोडं बघून म्हणाले, "हा गडी पहिल्याच गोळीत गेला की." भंगारातून आणलेलं दार त्यांनी उलटं करून दाखवलं. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा नसेल, अंगठ्यानं दाबला तर आत जातो. मग पोकळी, काच वरखाली करायचं यंत्र, आतला पत्रा, प्लास्टिक. बस्स.

दिग्दर्शक म्हणतो, प्रेक्षक एवढं बघत नाहीत. इतर कुठं नसतील बघत, पण आपल्याकडं पहिल्या रांगेत दोनतरी माजी सैनिक असतातच! मग गार्डला बसवू कुठं? आणि टाकीला गोळी लागून गाडी उडते, ते खरं का?

घाटवाट: मामांचं बरोबर आहे. एके-४७ ची गोळी सेकंदाला सातशे मीटरच्या वर वेगानं सुटते, एसएलआरची आठशेच्या वर. एका दारातून शिरून समोरच्या दारातूनही बाहेर पडू शकते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ करकरे, कामटे आणि साळसकर साध्या क्वालिसमध्येच होते. पत्र्यानं काय अडवलं?

त्यातल्या त्यात आडोसा इंजिनाचा. म्हणजे गार्ड पुढच्या चाकामागं, इंजिन स्वतःच्या आणि चोराच्या मध्ये ठेवून, खाली वाकून. बोनेटला चिकटून मात्र नको, पत्र्यावरून गोळी घसरत येते. इंजिनाचीही शंभर टक्के खात्री नाही. बुलेटप्रूफ गाडी म्हणजे दारात खास पोलाद आणि जाड थरांची काच. वजन इतकं वाढतं की बिजागऱ्या अन् सस्पेन्शनही बदलावं लागतं.

टाकीचा स्फोट सिनेमातला. साध्या गोळीनं भोक पडतं, इंधन गळतं. त्यात तुमची बोलेरो डिझेलची.

धागाकर्ता: आभारी आहे. चाकामागं बसवला तर तोंड दिसणार नाही, म्हणून गाडीच तिरकी लावतो. आवाजाचं काय करू? सध्या एकच "ठो" आहे.

घाटवाट: चोर किती लांब? दोनशे मीटरवर असला तर दोन आवाज ठेवा. गोळी आवाजाच्या पुढं धावते, त्यामुळं आधी डोक्यावरून चाबकासारखा कडाका, मग पाव सेकंदानं झाडीतून "ठो". जवळ असला तर दोन्ही एकातच मिसळतात. रेकॉर्डिंग झालं की आधी मामांना ऐकवा.