खेडच्या लढाईने शाहू-ताराबाई संघर्षाचा निकाल लागला का?

सातारकर: १७०७ ची खेडची लढाई निर्णायक म्हणतात. मग शाहू आणि त्यांच्या काकू ताराबाई यांचं छत्रपतींच्या गादीवरून भांडण १७३१ पर्यंत का चाललं?

भीमाकाठ: खेडला तलवारीपेक्षा पक्षबदलाने जास्त काम केलं. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे आले; ताराबाईंच्याच बाजूच्या परशुरामपंत प्रतिनिधींना एकटं पडून साताऱ्याला परतावं लागलं. तिथेही भिंत फोडावी लागली नाही. शाहूंनी साताऱ्याचा किल्लेदार शेख मिरा याचं वाईतलं कुटुंब ताब्यात घेतलं, तेव्हा त्यानेच पंतांना कैद करून किल्ला दिला. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा राज्याभिषेक झाला.

वारणाकाठ: बरोबर, पण आलेले सरदार जातातही! १७११ मध्ये धनाजींचाच मुलगा चंद्रसेन उलटला. शिवाय पन्हाळा ताराबाईंकडेच, म्हणजे दुसरी गादी जिवंत. पुढे त्या गादीवर ताराबाईंचे सावत्र पुत्र संभाजीराजे (शिवरायांचे पुत्र नव्हेत) आले. १७३० मध्ये वारणेकाठी त्यांच्या छावणीवर शाहूंच्या फौजेचा छापा पडला, ताराबाई हाती लागल्या. त्यानंतरच, १७३१ च्या तहात, दोन्ही गाद्यांमध्ये वारणा नदीची सरहद्द ठरली.