रोजच्याला परफ्यूम कुठला, सोव्हाज की ब्लू?

कृष्णाकाठ: "रोजच्या वापराला डोळे झाकून सोव्हाज घ्या, ब्लू द शनेल म्हाताऱ्यांचं" असं काल कुणीतरी लिहून गेलं. भावा, एप्रिलात भरदुपारी सांगली-मिरज एसटीत उभा राहून बघ. सोव्हाजचा बर्गमोट-मिरीचा पहिला तडाखा ओसरला की खाली अँब्रोक्सान उरतं, म्हणजे अंबरासारखा वास देणारं रसायन, ते संध्याकाळपर्यंत हटत नाही. शेजारच्यानं काय पाप केलंय? ब्लूत ग्रेपफ्रूट, आलं, मग देवदार-चंदन. गपगुमान अंगाशी राहतं. आणि ब्लू २०१० चं, सोव्हाज २०१५ चं. पाच वर्षांत कोण म्हातारं होतं?

विश्रामबागवाला: आठ फवारे मारले तर गुलाबपाणीसुद्धा डोकं उठवेल. दोन बास, एक मानेवर, एक शर्टावर. मी सहा वर्षं रोज सोव्हाज लावतोय, अजून कुणी एसटीतून उतरवलं नाही. तुमच्या ब्लूचं ओ द त्वालेत, म्हणजे हलका प्रकार, दुपारचा डबा उघडेपर्यंत गायब. एवढे पैसे घालून शेवटी अंगाला वास भेंडीचाच!

कृष्णाकाठ: गायब होत नाही, आपलं नाक सरावतं. घरी बायकोला विचारा.

विश्रामबागवाला: तिनंच आणून दिलंय सोव्हाज. बोला आता.

यार्डातला: दोघंही नशीबवान आहात. मी हळदीच्या अडतीवर. सौदे सुरू झाले की काहीही मारा, वर हळदच. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१८ ला मिळालं, माझ्या शर्टांना त्याच्या कितीतरी आधी. दिवाळीला हौसेनं सोव्हाज घेतलं, पहिल्या सौद्याला लावून गेलो. हमाल म्हणतो, "मालक, मालाला आज वेगळाच वास येतोय, भिजला काय?"

हरिपूरकर: हळदीला असलं हसू नका. आमच्या आजोबांचं हरिपुरात पेव होतं, हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. आधी उघडून ठेवायचे, आतली कोंडलेली हवा गेल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. तेव्हा जो दरवळ सुटायचा, त्यापुढं अख्खं फ्रान्स झक मारतं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि संपलं सगळं.

विश्रामबागवाला: परफ्यूमचं चाललंय, पेव कुठनं आलं मधेच?

हरिपूरकर: अँब्रोक्सान कळतं आणि गावचं पेव कळत नाही? शिकलेले अडाणी ते हेच.

विश्रामबागवाला: तोंड सांभाळून बोला. वयाचा मान ठेवतोय म्हणून गप्प आहे.

यार्डातला: काका, राग मानू नका, पण पुरानंतर कुजलेल्या हळदीचा वास कसा होता तेही सांगा की. आमच्या घरात महिनाभर कुणाला जेवण गेलं नव्हतं.

हरिपूरकर: ते खरंय. ती आठवण नको.

कृष्णाकाठ: मूळ मुद्दा राहिला. उन्हाळ्यात ब्लूच.

विश्रामबागवाला: घ्या, मार्च ते मे तुमचं. बाकीचे नऊ महिने माझे. एसटीत एकच फवारा मारीन, साहेबांच्या नाजूक नाकाखातर.

यार्डातला: माझी बाटली जवळजवळ भरलेलीच आहे. कुणाला पाहिजे तर या घेऊन जायला. खोक्याला हळद लागलीय, आधीच सांगतो.