मदत हवी आहे: दुपटं होत आलं, कडेला अडलंय

आजीच्या सुती लुगड्याचे आणि लेकीच्या झबल्यांचे तुकडे जोडून साधारण 75 बाय 90 सेंमीचं दुपटं शिवतेय. आत जुनी चादर घातली, मधले धावदोरेही झाले. आता कड उरलीय.

लुगडं इतकं विरलंय की सुई काढली तरी भोक तसंच दिसतं. झबल्याचं होजिअरी मात्र ताणलं जातं, त्यामुळे एक कोपरा चक्क वर उचलला गेलाय. तुकड्यांना आधी मागून मलमल लावायला हवी होती, हे आत्ता सुचतंय! उसवायचा धीर नाही.

उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीचा गोट लावू, की मागचं अस्तरच पुढे दुमडून हातशिलाई करू? अस्तर चारी बाजूंनी जेमतेम दोन बोटं जास्त आहे. आणि तो कोपरा कसा बसवू?