प्रतिसाद: यार्ड म्हणजे नुसते रूळ नव्हेत
वर एकांनी विचारलंय की रूळ तर रातोरात जोडले जातात, मग दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधल्या रेल्वे यार्डांवर हलकी बॉम्बर विमानं पाठवून साधलं काय? रूळ जोडले जातात, हे खरंच. पण माझं बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये, लोको शेडच्या शेजारी गेलंय. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, कोळसा लागतो, राख काढायला खड्डा आणि इंजिन फिरवायला टर्नटेबल, म्हणजे रूळ बसवलेला गोल फिरणारा चबुतरा लागतो. ते टर्नटेबल मोडलं की शेडमधली इंजिनं आतच अडकली!

अमेरिकेच्या ४१६व्या बॉम्बर गटाचंच घ्या. मार्च १९४४ पासून इंग्लंडातल्या वेदर्सफील्डहून त्यांची ए-२० ही हलकी बॉम्बर विमानं मोहिमेवर जाऊ लागली. वैमानिक एकच, सहवैमानिक नाही. बहुतेक विमानांच्या नाकात मशीनगन. काचेचं नाक आणि नेम धरणारा माणूस म्होरक्याच्या विमानात. त्याने बॉम्ब सोडले की बाकीच्यांनी सोडायचे. तोवर विमानविरोधी तोफांचे गोळे फुटत असताना त्याच्यामागे सरळ उडत राहायचं. मला हे धाडस जड बॉम्बरवाल्यांपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

मात्र यार्डांलगत वस्त्या होत्या. तिथले फ्रेंच नागरिक मारले जातील म्हणून खुद्द चर्चिल यार्डांवर बॉम्ब टाकण्याच्या या योजनेवर नाखूश होते, आणि माणसं मेलीही.