मदत हवी आहे : रेंडर चालू असताना लॅपटॉपचा वेग अचानक ०.८ गिगाहर्ट्झवर का येतो?

नमस्कार.

मी वास्तुविशारदांसाठी इमारतींची त्रिमितीय दृश्ये तयार करते. परळ-लालबागकडच्या जुन्या चाळींचा पुनर्विकास ठरतो, तेव्हा रहिवाशांच्या सभेत नव्या इमारतीची जी चित्रे दाखवली जातात, तशा स्वरूपाचे हे काम आहे. स्केचअपमध्ये इमारत उभी करायची आणि व्ही-रेमध्ये ती रेंडर करायची, म्हणजे तिचे प्रकाश-सावल्यांसह अंतिम चित्र तयार करून घ्यायचे, असा क्रम असतो. मोठ्या चित्रासाठी प्रोसेसरला बराच वेळ पूर्ण क्षमतेने राबावे लागते आणि नेमका तिथेच माझा लॅपटॉप अडतो आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी मदरबोर्ड बदलायला सांगितले आहे. एवढा खर्च करण्याआधी दोष खरोखर तिथेच आहे का, हे जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

लॅपटॉपमध्ये इंटेल कोअर आय७-९७५०एच हा सहा कोअरचा प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये, म्हणजे गरजेनुसार वेग मूळ वेगापेक्षा वाढतो तेव्हा, एका कोअरचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ आणि नेमून दिलेली वीजमर्यादा ४५ वॉट आहे. सोबत १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे. चार्जर कंपनीचा मूळचाच, १३५ वॉटचा आहे.

रेंडर सुरू केल्यावर पहिला काही वेळ सर्व कोअर ३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, तापमान ९० अंशांच्या जवळ जाते आणि मग वेग २.८ ते २.९ वर उतरून तिथे स्थिरावतो. इथपर्यंत मला काही वावगे वाटत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये असे होणारच, हे मी गृहीत धरले आहे. मात्र वीस-पंचवीस मिनिटांनी वेग एकदम ०.७९ गिगाहर्ट्झवर कोसळतो. पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो, प्रोसेसरचे तापमान काही सेकंदांत ६० अंशांपर्यंत खाली येते आणि तरीही वेग वाढत नाही. दोन-तीन मिनिटे यंत्र असेच रखडते, माउसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो, आणि मग कुणी कळ दाबावी तसा वेग पूर्ववत होतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच सुरू होते.

यापूर्वीही मोठ्या कामात लॅपटॉप मंदावत असे, पण तो हळूहळू मंदावे आणि तापमान ९८-९९ अंशांवर चिकटलेले असे. म्हणून मी तो लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात साफसफाईसाठी दिला. मागचे झाकण माझ्यासमोरच उघडले गेले. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्या यांच्यामध्ये धुळीचा करडा, घट्ट नमदा बसला होता, तो चिमट्याने अखंड पट्टीसारखा निघाला. आमच्या खिडकीसमोर सतत बांधकाम चालू असते आणि मुंबईच्या दमट हवेत ती धूळ कोरडी राहत नाही, चिकटूनच बसते. प्रोसेसरची उष्णता पुढे पोहोचवणारी थर्मल पेस्टही वाळून कडक झाली होती आणि तिचे पापुद्रे निघत होते. हीटसिंक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग, सोडवून नवी पेस्ट लावली गेली आणि त्यानंतर सर्वोच्च तापमान ८८-९० अंशांपर्यंत उतरले, म्हणजे सफाईचा उपयोग झाला. वेग असा एकदम कोसळण्याचा प्रकार मात्र त्यानंतरच लक्षात येऊ लागला.

एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरवर नोंदी ठेवल्या आहेत. वेग पडतो त्या क्षणी ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या (तापल्यामुळे वेग कमी करण्याच्या) ओळीत ‘नाही’ दिसते, पण ‘प्रोकहॉट’ या ओळीत ‘होय’ दिसते. लॅपटॉप स्टँडवर उंच ठेवून पाहिला, खालून हवा मारणारा कूलिंग पॅड लावला, बायोस अद्ययावत केले. यांपैकी कशानेही फरक पडला नाही. या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा १०० अंश आहे. मग ६० अंशांवर असतानाही तो स्वतःला का रोखून धरतो? आणि या लक्षणांवरून मदरबोर्ड निकामी झाला असा निष्कर्ष निघतो का?

*प्रतिसाद*

नोंदी नेमक्या दिल्याबद्दल धन्यवाद, त्यामुळे बरेच काही स्पष्ट होते. मदरबोर्ड बदलण्याची घाई करू नका.

प्रोसेसर स्वतः तापला, तर तो पायरीपायरीने वेग कमी करतो आणि मर्यादेच्या काठावर राहून काम चालू ठेवतो. तुमचा लॅपटॉप सफाईपूर्वी तेच करत होता. प्रोकहॉट ही मात्र अशी तार आहे की जी प्रोसेसरप्रमाणेच मदरबोर्डलाही बाहेरून ओढता येते. ती बाहेरून ओढली गेली, की स्वतःचे तापमान कितीही असो, अशा लॅपटॉपमध्ये प्रोसेसर थेट सर्वात खालच्या वेगावर जातो आणि तो वेग साधारण ०.८ गिगाहर्ट्झच असतो. म्हणजे प्रोसेसर थंड आहे, पण मदरबोर्डवरचा दुसरा कुठला तरी भाग ‘थांब’ असे सांगतो आहे.

असे सांगणारे मुख्यतः दोघे असतात. एक चार्जर : त्याची ओळख पटली नाही किंवा त्यातून पुरेशी वीज मिळत नसेल, तर यंत्र आपला भार कमी करते. दुसरा म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा व्होल्टेज रेग्युलेटर. हे लहान चौकोनी भाग प्रोसेसरच्या शेजारीच असतात, भर कामात तेही चांगलेच तापतात आणि त्यांची उष्णता काढून घेण्याची वेगळी सोय करावी लागते.

एक्स्टेन्शन बोर्ड न वापरता चार्जर थेट भिंतीतल्या प्लगला लावा आणि शक्य असल्यास त्याच क्षमतेचा दुसरा मूळ चार्जर लावून तेच रेंडर चालवा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोकहॉटच्या जवळच ‘व्हीआर थर्मल अलर्ट’ (व्होल्टेज रेग्युलेटर तापल्याचा इशारा) अशी ओळ असते, तिच्यावरही लक्ष ठेवा. शिवाय विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहा. त्याने टर्बो बंद होतो, वीज कमी ओढली जाते आणि वेग २.६ च्या आसपास राहतो. तशा स्थितीत वेग कोसळला नाही, तर दोष भाराशी जोडलेला आहे एवढे निश्चित होईल.

*धागा काढणारीचे उत्तर*

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व करून पाहिले. सहकाऱ्याकडे याच बनावटीचा लॅपटॉप आहे. त्याचा चार्जर थेट भिंतीतल्या प्लगला लावूनही वेग तसाच कोसळला. मर्यादा ९९ टक्के केल्यावर मात्र संपूर्ण चित्र एकदाही न अडखळता पूर्ण झाले. टर्बो पुन्हा चालू केला तेव्हा वेग पडण्याच्या क्षणी व्हीआर थर्मल अलर्टसमोर ‘होय’ उमटले.

एका परिचितांनी थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये ‘बीडी प्रोकहॉट’ (बाहेरून आलेला प्रोकहॉटचा इशारा मानण्याची सोय) समोरची खूण काढून टाकायला सुचवले आहे. त्याने काम भागेल का?

*प्रतिसाद*

कृपया ती खूण काढू नका. चार्जरची ओळख पटण्यातच बिघाड असता, तर तात्पुरता उपाय म्हणून त्याचा विचार झाला असता. तुमच्याकडे रेग्युलेटर खरोखर तापतो आहे, हे आता दिसले आहे. खूण काढल्यास बाहेरून आलेला इशारा प्रोसेसर ऐकणार नाही, रेग्युलेटर तापतच राहील आणि मग मदरबोर्ड खरोखरच जाईल.

तुमच्या मूळ प्रश्नातले एक वाक्य मला सर्वात महत्त्वाचे वाटते : वेग कोसळण्याचा प्रकार हीटसिंक काढून पुन्हा बसवल्यानंतर लक्षात आला. रेग्युलेटरवर पेस्ट नसते, तिथे मऊ थर्मल पॅड असतात. जुने पॅड हीटसिंक उचलताना फाटतात, घडी पडून सरकतात किंवा त्यांच्या जागी कमी जाडीचे लावले जातात. पॅड १ मिलिमीटरऐवजी ०.५ मिलिमीटरचा पडला, तर मध्ये हवा राहते आणि उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही. उलट जाड पडला, तर हीटसिंक प्रोसेसरवर नीट टेकत नाही. तुमच्याकडे प्रोसेसरचे तापमान सुधारले आहे, त्यामुळे पॅड पातळ किंवा गायब असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

हीटसिंक पुन्हा उघडून घ्या आणि त्याच्या खालच्या बाजूचा फोटो काढा. पॅडवर रेग्युलेटरचे चौकोनी ठसे स्पष्ट उमटलेले दिसले पाहिजेत. ठसा नसेल, तर स्पर्शच होत नव्हता. नेमकी जाडी कळत नसेल, तर पॅडऐवजी थर्मल पुट्टी लावायला सांगा. ती दाबाने पसरते आणि जेवढी फट असेल तेवढीच भरते. हीटसिंक काढला, की प्रोसेसरवरची पेस्टही पुसून नवी लावावी लागते, हे दुकानात आधीच स्पष्ट करून घ्या.

या दिवसांत खोलीचे तापमान ३३-३४ अंश असेल, तर खोली एरवीपेक्षा जितके अंश गरम, जवळजवळ तितकेच अंश आतल्या प्रत्येक भागाचे तापमानही वर जाते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ९९ टक्क्यांची मर्यादा कायम ठेवा. चित्राला वेळ अधिक लागेल, पण सभेआधी काम पूर्ण होईल. फोटो इथेच टाकलात, तर ठसे पाहून नक्की सांगता येईल.