शाळेची बिलंही २० लाखांत धरली जातात
वर कुणीतरी लिहिलंय की साफसफाईच्या कंत्राटात कामाला ठेवलेल्या बायकांचे पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) जाऊन हातात पाच-सहा लाखच उरतात, म्हणून जीएसटी नोंदणीची गरज नाही. हे पटत नाही. नोंदणीची २० लाखांची मर्यादा वर्षाच्या उलाढालीवर, म्हणजे एकूण बिलांवर आहे, नफ्यावर नाही. सोसायटीला दिलेल्या बिलात पगार आणि पीएफ वेगळे दाखवले तरी ते तुमच्याच सेवेची किंमत म्हणून धरले जातात. मनुष्यबळावर चालणाऱ्या या धंद्यात म्हणूनच मर्यादा फार लवकर ओलांडली जाते.

शाळांचा मुद्दा मात्र अजून कुणी मांडला नाही. बालवाडी ते बारावीपर्यंतच्या शाळेत जाऊन केलेल्या साफसफाईला जीएसटी माफ आहे (पदवी महाविद्यालयांना ही सवलत नाही). फक्त शाळांचीच कामं असतील तर नोंदणीही लागत नाही. पण सोबत सोसायट्या घेतल्या की माफ रक्कमही उलाढालीत मिळवतात. समजा, शाळेचे १४ लाख आणि सोसायट्यांचे ७ लाख, तर एकूण २१ लाख झाले आणि नोंदणी आली. १८ टक्के कर मात्र सोसायट्यांच्या बिलांवरच, शाळेच्या नाही. माझी बहीण पुण्यात हेच काम करते. तिने शाळेच्या आणि सोसायट्यांच्या बिलांची पुस्तकं पहिल्यापासून वेगळी ठेवली आहेत, त्यामुळे विवरणपत्र भरताना करपात्र आणि माफ रक्कम लगेच वेगळी काढता येते. नवीन सोसायटीचं काम घेण्याआधी वर्षाची एकूण बेरीज नक्की बघा. दर ठरवून झाल्यावर सोसायटीची कमिटी वरचे १८ टक्के द्यायला सहसा तयार होत नाही.